ऑनलाइन पोकर : सहा जणांच्या टेबलावरचा हिशोब

आधी कायद्याचं. २०२५च्या ऑनलाइन गेमिंग कायद्याने भारतात पैसे लावून खेळायचे ऑनलाइन खेळ चालवायला, त्यांची जाहिरात करायला आणि त्यासाठी पैशांची देवघेव करून द्यायला बंदी केली आहे. खेळ कौशल्याचा की नशिबाचा, हा जुना वाद तिथे चालत नाही. पोकरही त्यात आलं. म्हणून इथे राहून शिकायचं ते फुकटच्या चिप्सवर. न्यू जर्सी, ऑन्टारिओ किंवा ब्रिटनमध्ये राहत असाल तर तिथल्या परवानाधारक साइटवर कायदेशीर खेळता येतं. विनापरवाना साइटवर पैसे अडकले तर दाद मागायला कुणीच नसतं, तेव्हा त्या वाटेला जाऊच नका.

पुढचं सगळं नो-लिमिट टेक्सास होल्डेमच्या (प्रत्येकाला दोन पत्ते, मध्ये सगळ्यांचे मिळून पाच, आणि हवे तेवढे चिप्स लावायची मुभा) सहा जणांच्या कॅश टेबलाबद्दल आहे. टूर्नामेंटचा हिशोब वेगळा.

तीन पत्ती खेळून आलेल्यांनी दोन गोष्टी विसरायच्या. तीन पत्तीत सिक्वेन्स कलरच्या वर असतो. पोकरमध्ये फ्लश, म्हणजे कलर, स्ट्रेटला, म्हणजे सिक्वेन्सला, मारतो. आणि पत्ते न बघता ब्लाइंड खेळून दरारा बसवायची हौस इथे फार महाग पडते. कमी पैशांच्या छोट्या टेबलांवर बहुतेकांचे पैसे जातात ते धाडसी ब्लफमध्ये (पत्ते नसताना केलेल्या बतावणीत) नव्हे, तर ‘बघू तरी काय आहे त्याच्याकडे’ म्हणून, समोरच्याने लावले तेवढे भरून केलेल्या कॉलमध्ये.

फ्लॉपच्या, म्हणजे मधले पहिले तीन पत्ते उघडण्याच्या, आधी काय खेळायचं ते तुमची जागा ठरवते. दोन पत्त्यांच्या एकूण १३२६ जुळण्या होतात. सर्वांत आधी बोलावं लागतं त्या जागेवरून एवढंच खेळा : सत्ती-सत्तीपासून वरच्या सगळ्या जोड्या, एक्का आणि त्याच रंगाचा कुठलाही पत्ता, दश्शीपासून राजापर्यंतचे कुठलेही दोन पत्ते एकाच रंगाचे असतील तर, आणि वेगळ्या रंगांत एक्का-राजा, एक्का-राणी, एक्का-गुलाम, राजा-राणी. या १६८ जुळण्या झाल्या, सुमारे १३ टक्के. बटनवर, म्हणजे पत्ते वाटणाऱ्याच्या जागेवर, बसलात की हाच आकडा ४० टक्क्यांपर्यंत न्यायला हरकत नाही, कारण फ्लॉपपासून पुढे प्रत्येक फेरीत तुम्ही सर्वांत शेवटी बोलता. समोरच्याने काय केलं ते बघून निर्णय घेता येतो, आणि पोकरमध्ये याहून मोठा फायदा क्वचितच मिळतो.

बटननंतरचे दोघे पत्ते बघण्याआधी जी सक्तीची रक्कम भरतात ती स्मॉल ब्लाइंड आणि तिच्या दुप्पट बिग ब्लाइंड. डावात उतरायचं तर अडीच बिग ब्लाइंडचं रेझ करून, म्हणजे रक्कम वाढवून. नुसता ब्लाइंड भरून आत शिरू नका. आधी कुणी रेझ केलं असेल आणि पत्ते खरंच चांगले असतील, तर त्याच्या नंतर बोलणार असाल तेव्हा तिप्पट, आधी बोलणार असाल तेव्हा चौपट करा. स्मॉल ब्लाइंडवरून नुसता कॉल करायचा मोह टाळा. पुढची प्रत्येक फेरी तिथूनच सुरू होते. बिग ब्लाइंडला थोडी सूट आहे. बटनने अडीचचं रेझ केलं आणि बाकीचे पडले (पत्ते टाकले, म्हणजे फोल्ड), तर साडेपाचच्या पॉटसाठी (मध्ये जमलेल्या रकमेसाठी) तुम्हाला दीडच भरायचा असतो, म्हणजे २७ टक्के वाटा मिळाला तरी भागतं.

दुर्रीपासून छक्कीपर्यंतच्या छोट्या जोडीने कॉल करताना मागचे चिप्स मोजा. फ्लॉपवर तिसरा पत्ता लागण्याची शक्यता १२ टक्क्यांच्या आसपास, साधारण साडेआठ वेळांत एकदा. समोरच्याकडे कॉलच्या किमान पंधरापट उरले नसतील तर सोडून द्या.

आता खरा हिशोब. ब्लाइंड १ आणि २, दोघांकडे २०० चिप्स. तुम्ही बटनवर, हातात बदाम एक्का आणि बदाम पंजी. तुम्ही ५ केले, बिग ब्लाइंडने कॉल केला. पॉट ११. फ्लॉप : बदाम राजा, बदाम नव्वी, किलवर तिर्री. त्याने काही न लावता चेक केलं, तुम्ही ४ लावले, तो आला. पॉट १९. टर्नला, म्हणजे चौथ्या पत्त्याला, इस्पिक दश्शी पडली आणि आता त्याने स्वतःहून १२ लावले.

पॉटमध्ये ३१ आहेत, तुम्हाला १२ भरायचेत, एकूण ४३. बाराला त्रेचाळीसने भागा : २८ टक्के वेळा जिंकायला हवं. न दिसलेले पत्ते ४६, त्यांत बदाम ९, म्हणजे साडेएकोणीस टक्के. नुसत्या पॉटकडे बघितलं तर फोल्ड. पण बदाम लागल्यावर रिव्हरला, म्हणजे पाचव्या आणि शेवटच्या पत्त्यावर, आणखी किती मिळतील? ९ वेळा जिंकाल, ३७ वेळा १२ गमवाल. ३७ गुणिले १२ म्हणजे ४४४, भागिले ९ म्हणजे ४९. त्यातले ३१ आधीच पॉटमध्ये आहेत. उरले १८-१९. लागेल तेव्हा सरासरी एवढे आणखी निघाले की कॉल तोट्यात जात नाही. रिव्हरला पॉट ४३चा असेल आणि त्याच्यामागे १७९ आहेत, म्हणजे तुम्ही अर्ध्या पॉटपेक्षा छोटी बेट लावली आणि ती त्याने भरली तरी पुरे. कॉल करा.

हेच गणित कुठे फसतं? त्याच्याकडे १५च उरले असतील तर. तिसरा बदाम पडताच घाबरून पळणारा तो असेल तर. आणि तुमच्या हातात एक्क्याऐवजी बदाम छक्की-पंजी असेल तर, कारण तेव्हा फ्लश लागूनही मोठ्या फ्लशकडून मार बसतो. नऊपैकी बदाम दश्शी आणि बदाम तिर्री बोर्डवर (मधल्या पत्त्यांत) जोडी आणतात, तिथे फ्लशच्या वरच्या फुल हाउसची (तीन सारखे आणि एक जोडी) थोडी धास्ती ठेवा.

टेबलावर एवढा भागाकार जमत नाही, म्हणून ठोकताळा : लागणारे पत्ते गुणिले दोन म्हणजे पुढच्या एका पत्त्यावरची टक्केवारी. चारने गुणायचं ते फक्त फ्लॉपवर ऑल-इन (सगळे चिप्स आत) झालं असेल तर, एरवी नाही. लोक हे हमखास विसरतात. समोरच्याने पॉटच्या एक तृतीयांश लावले तर २० टक्के लागतात, अर्ध्याला २५, पूर्ण पॉटला ३३. ब्लफ तुमचा असेल तर अर्ध्या पॉटची बेट तीनात एकदा तरी चालायला हवी, पूर्ण पॉटची निम्म्या वेळा.

फुकटच्या चिप्सवर कुणी पडतच नाही, म्हणून तिथे ब्लफ जवळजवळ बंद ठेवा आणि चांगल्या पत्त्यांवर मोठं लावा. छोट्या खऱ्या टेबलांवरही रिव्हरचं रेझ बहुधा खरंच असतं. एका जोडीवर ते बघायला जाऊ नका.

पैशाच्या टेबलावर रेक, म्हणजे साइट पॉटमधून कापते ती रक्कम, विसरून चालत नाही. ५ टक्के रेक असेल तर ४० च्या पॉटमधून २ गेले, म्हणजे वरच्या १-२च्या टेबलावर अख्खा एक बिग ब्लाइंड. जवळ किमान ३० बाय-इन (एक बाय-इन म्हणजे टेबलावर बसताना आणायची रक्कम) असल्याशिवाय त्या टेबलावर बसू नका, आणि ते पैसे घरखर्चातले नकोत. एका बैठकीत तीन बाय-इन गेले की उठायचं.

आपण जिंकतोय हे कळायला फार डाव लागतात. शंभर डावांमागे चढउतार ९० बिग ब्लाइंडच्या आसपास धरला, तर दहा हजार डावांनंतरही तुमच्या दर शंभर डावांच्या सरासरीत ९ इकडेतिकडे होऊ शकतात. पाचने जिंकतोय असं दिसणारा खरं तर हरत असू शकतो. लाख डावांनंतर ती चूक तीनवर येते.

कार्नेगी मेलन विद्यापीठाच्या लिब्राटस या संगणक प्रोग्रामने २०१७ मध्ये व्यावसायिकांना समोरासमोर (एकास एक) हरवलं, २०१९ मध्ये प्लुरिबस या प्रोग्रामने सहा जणांच्या टेबलावर. त्याच जातीचे सॉल्व्हर, म्हणजे डावाची उत्तम चाल काढून देणारे प्रोग्राम, आज कुणालाही मिळतात. अभ्यासासाठी जरूर वापरा, पण खेळ चालू असताना उघडलात तर साइट खातं बंद करते. अभ्यासाची सुरुवात रिव्हरवर कॉल करून हरलेल्या डावांपासून करा. प्रत्येकापुढे दोन आकडे लिहा : किती टक्के लागत होते, आणि समोरचा तिथे कुठल्या कुठल्या पत्त्यांनी ब्लफ करू शकला असता. दुसऱ्या रकान्यात वारंवार शून्य येत असेल, तर पुढच्या आठवड्यात त्याच जागी फोल्ड करून बघा.