शेततळ्यातील मत्स्यपालन: आधी पाण्याचा हिशोब, मग बोटुकली

सोलापूर, अहिल्यानगर, जालना किंवा सांगलीचा जत तालुका अशा अवर्षणप्रवण भागांत द्राक्ष आणि डाळिंबाच्या बागा जगवण्यासाठी प्लास्टिक अस्तराची शेततळी खोदली गेली आहेत. बागेसाठी साठवलेल्या त्याच पाण्यात माशांचे एक पीक निघू शकते. मात्र हे पीक बागेच्या पाण्यावर अवलंबून असते, म्हणून मत्स्यबीजाची चौकशी करण्यापूर्वी तळ्यातील पाणी कोणत्या महिन्यात पाच फुटांच्या खाली जाते, हे वहीत लिहून काढावे. पाणी मार्चअखेर त्या पातळीला येत असेल, तर मासे त्याआधी विकले गेलेच पाहिजेत. ही तारीख न पाहता बीज सोडणाऱ्याला अर्धवट वाढलेले मासे पडेल त्या भावाने काढावे लागतात.

30 मीटर लांब, 30 मीटर रुंद आणि 3 मीटर खोल असे तळे उदाहरणादाखल घेऊ. बाजूंचा उतार 1:1 असल्यास त्यात सुमारे 22 लाख लिटर पाणी मावते आणि पाण्याचे क्षेत्र नऊ गुंठ्यांच्या आसपास भरते. पहिल्या वर्षी अशा तळ्यात 500 ते 600 पेक्षा जास्त बोटुकली, म्हणजे बोटाएवढी माशांची पिल्ले, सोडू नये. संख्या वाढवली की माशाचे वजन घटते, आणि बाजार वजनाला पैसे देतो.

कटला, रोहू आणि मृगळ हे मासे साठलेल्या पाण्यात प्रजनन करत नाहीत, त्यामुळे बीज दरवर्षी विकत घ्यावे लागते. 10 जुलै 1957 रोजी डॉ. हिरालाल चौधरी यांनी ओडिशात संप्रेरकाचे इंजेक्शन देऊन या वर्गातील माशांचे प्रजनन यशस्वी केले, आणि नदीतून बीज गोळा करण्याची गरज त्यामुळे हळूहळू कमी झाली. तो दिवस आज राष्ट्रीय मत्स्यशेतकरी दिन म्हणून पाळला जातो. कटला पृष्ठभागाजवळ, रोहू मधल्या थरात आणि मृगळ तळाशी अन्न शोधतो. प्लास्टिकच्या तळाला चिखल नसतो, म्हणून येथे मृगळाचे प्रमाण कमी आणि कटला-रोहूचे जास्त ठेवणे योग्य. विदेशी मांगूर कोणी स्वस्तात देऊ केला तरी घेऊ नये, कारण त्याच्या संवर्धनावर बंदी आहे.

बोटुकली किमान चार इंचांची असावी. त्याहून लहान बीज स्वस्त मिळते, पण आपल्या हाती असलेल्या सात-आठ महिन्यांतील दोन महिने ते मोठे करण्यातच जातात. ऑक्सिजन भरलेली पिशवी वीस मिनिटे पाण्यावर तरंगत ठेवावी, मग थोडे थोडे तळ्याचे पाणी आत घेऊन मासे आपणहून बाहेर पडू द्यावेत. बोअरवेलचे पाणी सोडत असल्यास ते उंचावरून पडू द्यावे, कारण त्यात प्राणवायू कमी असतो. पंपाच्या फूटव्हॉल्व्हला बारीक जाळी बांधणे विसरू नये.

शेणखत मोकळे न टाकता गोणीत भरून तळ्याच्या कोपऱ्यात दोराने लटकवावे, म्हणजे सूक्ष्म वनस्पती आणि प्राणी हळूहळू तयार होतात. कोपरापर्यंत हात पाण्यात घातल्यावर तळवा जेमतेम दिसेनासा व्हावा, इतका हिरवेपणा पुरेसा आहे. तळवा लवकरच दिसेनासा झाला तर खत थांबवावे. भुईमुगाची पेंड आणि भाताचा कोंडा समप्रमाणात भिजवून, माशांच्या एकूण वजनाच्या दोन ते तीन टक्के, ठरलेल्या जागी आणि ठरलेल्या वेळी द्यावा. 400 मासे सरासरी पाव किलोचे झाले असतील तर त्यांचे वजन 100 किलो होते, म्हणजे दिवसाला दोन ते तीन किलो खाद्य पुरते. दर महिन्याला काही मासे पकडून तोलावेत आणि हा आकडा बदलत राहावे.

ढगाळ हवामानात पहाटे मासे वर येऊन तोंड उघडझाप करू लागले, तर त्या दिवशी खाद्य बंद ठेवावे आणि पंपाने तळ्याचेच पाणी फवाऱ्यासारखे परत तळ्यात पाडावे.

बागायतदाराने एक गोष्ट मनावर घ्यावी, आणि ती मी आग्रहाने सांगतो. शेवाळ मारण्यासाठी मोरचूद टाकण्याची सवय, तसेच फवारणीची टाकी तळ्याकाठी धुण्याची सवय, मासे सोडल्यानंतर पूर्णपणे मोडावी लागते. यांतील एखादी चूक एका रात्रीत सर्व मासे मारू शकते. माणसांचा धोका त्याहून मोठा आहे. ओल्या प्लास्टिकवर पाय ठरत नाही आणि पोहता येणारा माणूसही वर चढू शकत नाही. तळ्याभोवती कुंपण, चारही बाजूंना गाठी मारलेले दोर आणि हवा भरलेली ट्यूब नसेल, तर खाद्य टाकण्यासाठी घरातील कोणालाही तेथे पाठवू नये.

सर्व मासे एकदम काढून व्यापाऱ्याला देण्यापेक्षा बुधवार, शुक्रवार आणि रविवारच्या पहाटे गावात व आठवडी बाजारात खपतील तेवढेच काढावेत. जाळ्याला टोकदार वजने नसावीत, अन्यथा अस्तर फाटते. साफ करून विकलेल्या माशाला जास्त भाव मिळतो, आणि हे काम महिला बचत गटाने घेतल्यास मजुरी गावातच राहते. 2020 मध्ये सुरू झालेल्या प्रधानमंत्री मत्स्यसंपदा योजनेत सर्वसाधारण लाभार्थ्याला 40 टक्के, तर महिला आणि अनुसूचित जाती-जमातींच्या लाभार्थ्यांना 60 टक्के अनुदानाची तरतूद ठेवण्यात आली. जिल्ह्याच्या मत्स्यव्यवसाय कार्यालयात चालू नियम विचारून, मंजुरीचे पत्र हाती आल्यावरच खर्च करावा.

माशांचे पाणी पिकाला चांगले असते, परंतु ठिबकचे फिल्टर त्याने लवकर तुंबतात, म्हणून ते नेहमीपेक्षा अधिक वेळा धुवावेत. उन्हाळ्यात तळे रिकामे झाल्यावर तळाशी साचलेला गाळ लोखंडी फावड्याऐवजी प्लास्टिकच्या पाटीने उचलून बागेच्या आळ्यांत घालावा.