प्रतिमांची बेरीज-वजाबाकी करताना डेटा टाइप कसा सांभाळावा

दोन छायाचित्रांची सरासरी काढण्यासाठी पायथनच्या नमपाय या आकडेमोडीच्या लायब्ररीमध्ये (अ + ब) / २ असे लिहिले, तर सूत्र बिनचूक असूनही उत्तर चुकू शकते. एका चित्रातल्या पिक्सेलचा उजळपणा २०० आणि दुसऱ्यातल्याचा १०० असेल, तर सरासरी १५० यायला हवी. प्रत्यक्षात २२ येते. ओपनसीव्ही या चित्रांवर काम करणाऱ्या लायब्ररीने वाचलेले नेहमीचे जेपेग चित्र यूइंट८ (चिन्हाविना आठ बिटांचे पूर्णांक) प्रकारच्या मॅट्रिक्समध्ये, म्हणजे आकड्यांच्या तक्त्यात, येते, या प्रकारात ० ते २५५ एवढेच पूर्णांक मावतात, आणि ३०० ही बेरीज त्यात बसत नसल्याने २५६ वजा होऊन ४४ उरतात. त्याचे निम्मे २२. भागाकाराची पाळी येण्याआधीच नुकसान झालेले असते आणि प्रोग्राम त्याबद्दल अवाक्षर काढत नाही, म्हणून ही चूक मला विशेष घातक वाटते. वजाबाकीतही तेच होते: ५० मधून ६० वजा केल्यास २४६ मिळतात, म्हणजे किरकोळ फरक जवळजवळ पांढरा दिसतो.

ओपनसीव्हीचे ॲड हे फंक्शन २५५ च्या पुढची बेरीज २५५ वरच थांबवते. मॅटलॅब या गणिती संगणकभाषेतील पूर्णांकांचे गणितही असेच चालते. त्यामुळे तिथला कोड ओळीला ओळ नमपायमध्ये आणल्यास निकाल बदलतो. मात्र सरासरीसाठी हा उपाय पुरेसा नाही, कारण २५५ चे निम्मे १२७.५ होतात, १५० नव्हे. नुसता फरक हवा असल्यास ॲब्सडिफ वापरावे. ५० आणि ६० च्या वरच्या उदाहरणात ते १० देते.

खात्रीचा मार्ग असा, की गणित सुरू करण्याआधीच ॲसटाइप वापरून मॅट्रिक्सचा प्रकार बदलावा. दोन चित्रांच्या वजाबाकीला इंट१६ (ऋण आकडेही मावणारा १६ बिटांचा पूर्णांक प्रकार) पुरतो, कारण उत्तर −२५५ ते २५५ च्या बाहेर जात नाही. गुणाकाराला तो पुरत नाही, कारण २५५ × २५५ म्हणजे ६५,०२५ होतात आणि इंट१६ ची मर्यादा ३२,७६७ आहे. अपूर्णांकांसाठी ३२ बिटांचा फ्लोट३२ घ्यावा. नमपाय यूइंट८ मॅट्रिक्सला १.५ ने गुणताना आपणहून ६४ बिटांच्या फ्लोट६४ कडे वळतो, आणि ४००० × ३००० पिक्सेलचे ३.६ कोटी बाइटांचे रंगीत चित्र २८.८ कोटी बाइटांचे होते. फ्लोट३२ मध्ये ते याच्या निम्म्यात राहते.

परत यूइंट८ कडे येणे एकदाच, अगदी शेवटी करावे, आणि तेही क्रमाने: आधी रिंटने पूर्णांकात आणावे, मग क्लिपने ० ते २५५ मध्ये बसवावे, त्यानंतर ॲसटाइप करावे. नुसते ॲसटाइप केल्यास २५४.९ चे २५४ होतात, आणि मर्यादेबाहेरच्या अपूर्णांकांचे काय होईल याचा भरवसा देता येत नाही.

सोबेल या फिल्टरने चित्रातल्या कडा शोधताना उत्तराचा प्रकार आठ बिटांचा ठेवला, तर उजेडाकडून अंधाराकडे जाणाऱ्या कडांचे ऋण आकडे शून्य होऊन त्या कडाच नाहीशा होतात. तिथे सीव्ही_१६एस हा ऋण आकडे धरणारा १६ बिटांचा प्रकार मागावा आणि नंतर ऋण चिन्ह काढून आठ बिटांत आणणारे कन्व्हर्टस्केलॲब्स वापरावे.

चित्र पडद्यावर पाहतानाही हाच प्रश्न येतो. ओपनसीव्हीचे चित्र दाखवणारे फंक्शन इमशो फ्लोट चित्रातील आकडे ० ते १ मधले आहेत असे धरून त्यांना २५५ ने गुणते, म्हणून ० ते २५५ मधले फ्लोट चित्र जवळजवळ पूर्ण पांढरे दिसते. असे झाल्यास गणिताला दोष देण्यापूर्वी मॅट्रिक्सचा डीटाइप (आकड्यांचा प्रकार), किमान आणि कमाल आकडा छापून पाहावा.