कोठडीची झडती आणि शिस्तभंगाची चौकशी न्याय्य रीतीने कशी करावी

शस्त्र, अमली पदार्थ किंवा मोबाईल आत येऊ नये यासाठी तुरुंगात झडती घ्यावीच लागते, आणि बहुतेक बंद्यांनाही ते मान्य असते. त्यांची तक्रार असते ती झडतीच्या नावाखाली राग काढला जातो, याबद्दल. म्हणून पथकप्रमुखाने कोठडीचे कुलूप उघडण्याआधी स्वतःला विचारावे, की ही झडती नेमकी कशासाठी आहे आणि ते कारण नोंदवहीत लिहिता येईल का. लिहिण्याजोगे कारण सापडत नसेल, तर झडती घेऊ नये. संयुक्त राष्ट्रांच्या आमसभेने 2015 साली स्वीकारलेल्या बंद्यांच्या वागणुकीविषयीच्या किमान नियमांत, म्हणजे नेल्सन मंडेला नियमांत, बंद्याला छळण्यासाठी, धमकावण्यासाठी किंवा त्याच्या खाजगी आयुष्यात विनाकारण डोकावण्यासाठी झडतीचा वापर करू नये असे स्पष्ट म्हटले आहे. झडतीचे कारण, ती घेणाऱ्यांची नावे आणि तिचा निष्कर्ष, विशेषतः अंगझडतीच्या बाबतीत, नोंदवून ठेवावा, असेही तेच नियम सांगतात.

पथकात किमान दोघे असावेत. एकट्याने घेतलेल्या झडतीत वस्तू सापडली की ती झडती घेणाऱ्यानेच तिथे ठेवली होती, असा आरोप होणारच, आणि तो खोडून काढायला साक्षीदार नसतो. शक्य असेल तेथे बंद्याला स्वतःच्या सामानाची झडती दिसेल अशा जागी उभे करावे. सामान एका टोकापासून क्रमाने पाहावे: अंथरूण, उशीचा अभ्रा, कपडे, साबणाची डबी, भिंतीतील फटी. पाहून झालेली वस्तू होती तेथे परत ठेवावी. घरच्यांचे फोटो जमिनीवर फेकणे, धर्मग्रंथावर कपड्यांचा ढीग टाकणे किंवा साखरेत साबणचुरा मिसळणे यातून सुरक्षितता तिळभरही वाढत नाही; बराकीत मात्र त्याची चर्चा महिनाभर चालते. खटल्याच्या कागदपत्रांबाबत विशेष जपावे. ती प्रशासनाच्या हाती न पडता बंद्याजवळ राहावीत असा नियम आहे. तेव्हा त्या गठ्ठ्यात एखादी वस्तू लपवली असल्याचा संशय असला, तरी बंद्यासमोर त्यालाच पाने झटकायला सांगावे आणि मजकूर वाचू नये.

अंगझडतीत चूक झाली तर ती भरून काढणे फार कठीण जाते. विवस्त्र झडती अगदी अपरिहार्य असेल तेव्हाच, आडोशाला, प्रशिक्षित आणि त्याच लिंगाच्या कर्मचाऱ्याने घ्यावी. शरीराच्या आतील तपासणी पात्र वैद्यकीय व्यक्तीनेच करावी, आणि ती व्यक्ती त्या बंद्यावर नियमित उपचार करणारी नसावी. नाहीतर आजारपणात तो डॉक्टरवर विश्वास कसा ठेवणार? महिला बंद्यांसाठी संयुक्त राष्ट्रांच्याच 2010 च्या बँकॉक नियमांनी स्कॅनिंगसारखे पर्याय शोधण्यास सांगितले आहे.

आता काही सापडले, असे धरू. चार जणांच्या कोठडीत सैल फरशीखाली मोबाईल निघाला. चौघांच्या भेटी बंद करून मोकळे व्हावे, असा मोह या क्षणी होतो. परंतु सामूहिक शिक्षा निषिद्ध आहे. वस्तू जागेवरच पाकिटात घालून, सीलबंद करून, ठिकाण, वेळ आणि सापडवणाऱ्याचे नाव लिहावे. फरशी कोणाच्या जागेला लागून आहे, ती कधीपासून सैल आहे, चौघांपैकी कोण केव्हा तेथे आला, हे तपासावे. एवढे करूनही कोण हे ठरत नसेल, तर मोबाईल जप्त करावा आणि शिक्षा कोणालाच देऊ नये. हे कर्मचाऱ्यांना रुचत नाही, पण पुराव्याविना दिलेल्या शिक्षेने खरा दोषी निर्धास्त होतो.

ज्याने झडती घेतली, त्याने निकाल देऊ नये. बंद्याला त्याच्यावरील आरोप त्याला समजणाऱ्या भाषेत, विलंब न लावता सांगावा, बचावाच्या तयारीला पुरेसा वेळ द्यावा आणि गरज असल्यास दुभाषी विनामूल्य द्यावा. शिक्षा नियमांत आधीच लिहिलेल्यांपैकीच असावी आणि एकाच कृत्यासाठी दोनदा देऊ नये. मानसिक आजारातून ते वर्तन घडले का, हे शिक्षेपूर्वी पाहावे. घडले असेल तर शिक्षेऐवजी उपचार द्यावेत. अन्न किंवा पिण्याचे पाणी कमी करणे, अंधारकोठडी आणि शारीरिक मार यांना कोणत्याही परिस्थितीत स्थान नाही. एकांतकोठडी, म्हणजे दिवसाचे 22 तास किंवा अधिक काळ अर्थपूर्ण मानवी संपर्काविना ठेवणे, हा शेवटचा उपाय असून ती सलग 15 दिवसांपलीकडे जाता कामा नये.

झडतीविरुद्ध तक्रार आल्यास ती त्याच पथकाच्या हाती देऊ नये. तक्रारदाराला त्याबद्दल कोणताही त्रास होऊ नये हेही नियमांत आहे. म्हणून तक्रारीनंतरच्या काही आठवड्यांत त्याच बंद्याच्या किती झडत्या झाल्या आणि त्या कोणी घेतल्या, हे अधीक्षकांनी नोंदवहीतून स्वतः पडताळावे.