गिअरच्या गाडीचं लायसन्स काढताय? या चुका टाळा

दरवर्षी कॉलेजं सुरू झाली की आमच्या मैदानावर नवी पोरं बाईक शिकायला येतात आणि चुका मात्र त्याच करतात. सगळ्यात महाग पडणारी चूक गाडीवर बसायच्या आधीच, अर्ज भरताना होते. ‘आधी विनागिअरचं काढू, ते पटकन होतं, बाईकचं नंतर बघू.’ हा सल्ला बहुतेक वेळा एजंट देतो, कारण त्यात त्याचं काम लवकर उरकतं. १८ पूर्ण असतील तर सरळ गिअरच्या वर्गासाठीच अर्ज करा. त्या लायसन्सवर स्कूटरही चालवता येते. विनागिअरच्या लायसन्सवर बाईक चालवता येत नाही. नंतर वर्ग वाढवायचा म्हटलं की पुन्हा लर्निंग, पुन्हा टेस्ट.

आमच्या सोसायटीतल्या एका मुलाने हेच केलं. नोकरी लागल्यावर दीडशे सीसीची बाईक घेतली, वर्ग वाढवायचं राहूनच गेलं. एके संध्याकाळी पुढची रिक्षा अचानक थांबली आणि याने स्कूटरच्या सवयीने दोन्ही लिव्हर करकचून दाबले. स्कूटरला डाव्या हाताशी मागचा ब्रेक असतो, बाईकला तिथे क्लच. क्लच दाबल्याने इंजिन चाकापासून सुटलं आणि त्याने गाडी आवळणं थांबलं, मागचा ब्रेक पायाशी तसाच राहिला, वाळूवर पुढचं चाक लॉक झालं आणि गाडी आडवी. मनगट मोडलं. विमा कंपनीने लायसन्सवरचा वर्ग पाहिला आणि गाडीच्या खर्चाचा क्लेम नाकारला. म्हणून मी पोरांना आधी गाडी बंद ठेवून फक्त हात-पाय बसवायला लावतो: उजवा हात आणि उजवा पाय ब्रेकला, डावा हात क्लचला. याचा कंटाळा येणाऱ्यांना मी चावीच देत नाही.

दुसरी चूक म्हणजे टेस्टमध्ये गाडीने काढायचा आठचा आकडा आदल्या दिवशी गिरवणं. लर्निंग सहा महिने चालतं आणि पक्क्या लायसन्ससाठी निदान ३० दिवस थांबावं लागतं. हे दिवस शिकण्यासाठी आहेत. आठ काढताना बहुतेकांचा पाय टेकतो, कारण नजर पुढच्या चाकावर असते आणि वळणात क्लच पूर्ण दाबलेला असतो. पहिला गिअर, हाफ क्लच (म्हणजे क्लच अर्धाच दाबलेला), मागच्या ब्रेकवर हलका पाय आणि मान जिकडे जायचंय तिकडे. जोर सुटला की गाडी कलंडते, म्हणून क्लच तेवढाच धरून ठेवायचा. मी तर पोरांना आठच्या आधी नुसत्या सरळ रेषेत, माणसाच्या चालीने गाडी चालवायला लावतो. ते जमलं की आठ आपोआप येतो, आणि पुढे गर्दीच्या बाजारपेठेत, चढावर, खड्ड्यांतून तेच कामाला येतं.

मोटार ट्रेनिंग स्कूलमध्ये पैसे भरण्याआधी एकच विचारा: बाईक कोण शिकवणार आणि कुठे? कित्येक ठिकाणी शिकवणी कारची असते आणि दुचाकीवाल्याला मिळतात ती फक्त कागदपत्रं. तसं असेल तर लायसन्स असलेला शांत डोक्याचा काका किंवा मावशी आणि रविवार सकाळचं मोकळं मैदान कधीही बरं.

लर्निंगची ऑनलाइन परीक्षा दुसऱ्याकडून देऊन घेऊ नका. सिग्नल नसलेल्या चौकात उजवीकडून येणाऱ्याला आधी जाऊ द्यायचं, हे माहीत नसलेला मुलगा मला रस्त्यावर नको.

पुढे-मागे पांढऱ्यावर लाल ‘एल’ लावा. लर्निंगवर मित्राला डबल सीट घेऊ नका. मागे बसायचा अधिकार फक्त शिकवणाऱ्या लायसन्सधारकाला. हेल्मेट आयएसआयचंच, पट्टा लावून. १८ च्या आतल्या मुलाच्या हाती बाईक दिली तर पालकाला २५,००० दंड आणि तुरुंगवासही होऊ शकतो, हे लाड करणाऱ्या बाबांनी वाचावं.

टेस्टला गिअरचीच गाडी न्या, सोबत आरसी, विमा, पीयूसी. नापास झालात तर सात दिवसांनी पुन्हा देता येते. तीनदा झालात तर ६० दिवस थांबावं लागतं. त्या दिवसांत एजंटाकडे जाऊ नका, मैदानावर या.