‘मॅट्रिक्स’ दाखवा, मग माणसांना बोलतं करा

पिक्चर संपल्या संपल्या ‘कसा वाटला?’ असं विचारू नका. आमच्या बेळगावच्या वडगावात या प्रश्नाला दोनच उत्तरं मिळतात. मराठी माणूस म्हणतो, ‘भारी हाय की!’ कानडी माणूस म्हणतो, ‘छलो ऐती.’ आणि दोघंही चपला शोधायला लागतात. त्यांना मत नसतं असं नाही. प्रश्नच असा ढिला टाकला तर उत्तरही ढिलंच येणार.

आमचे पॉवरलूम आहेत. खाली माग, वर माडी. माग बंद असतो त्या संध्याकाळी माडीच्या भिंतीवर चादर ताणायची, पुतण्याचा प्रोजेक्टर लावायचा आणि घरचे, शेजारचे, कामावरचे जे कोण येतील त्यांनी मिळून पिक्चर बघायचा, ही आमची पद्धत. नंतर कोण काय म्हणालं ते मी वहीत लिहून ठेवते. त्या वहीत सगळ्यात जास्त पानं ‘द मॅट्रिक्स’नं अडवलीत, तेव्हा तोच धरून सांगते. त्यात माणसं जगतात ते जग यंत्रांनी रचलेलं खोटं असतं, आणि निओ नावाचा हीरो त्यातून जागा होतो. (घरात बघणं वेगळं. मंडळाच्या चौकात पडदा लावणार असाल तर रीतसर परवानगी काढा.)

दाखवायचा तो १९९९ चा पहिलाच भाग. दोन तास सोळा मिनिटांचा आहे, त्यामुळं जेवणं आधी उरकू नका. पोट भरलेला माणूस पहिल्या अर्ध्या तासात घोरायला लागतो. चिरमुरे आणि मिरची भजी पुरेत. भाषेचं म्हणाल तर आमच्याकडं मराठी, कानडी, उर्दू बोलणारी सगळी असतात, म्हणून हिंदी डब केलेला लावावा लागतो. त्यात एक नुकसान होतं. यंत्रांचा हस्तक एजंट स्मिथ झालेला ह्यूगो वीव्हिंग ‘मिस्टर अँडरसन’ हे निओचं नाव जसं चावून चावून घेतो, ते हिंदीत उतरत नाही. तेवढा एक प्रसंग मी नंतर मूळ इंग्रजीत लावून ऐकवते. लहान पोरांना बसवू नका. गोळीबार तर आहेच, पण हीरोच्या बेंबीतून पोटात किडा सोडतात ते बघून शेजारची पोरगी रात्रभर झोपली नव्हती.

सुरू करण्याआधी एवढंच सांगायचं, ‘पहिला अर्धा तास काही कळणार नाही. कुणालाच कळत नाही, त्यांनी तसंच रचलंय.’ बास. ऑस्कर किती मिळाले, बनवणाऱ्या वाचोव्स्की कोण, यातलं काही नको. आणि ‘ही आपली माया आहे बघा’ हे तर मुळीच नको. एकदा का माया म्हणून टाकलं की पुढचे दोन तास माणसं पिक्चर बघत नाहीत, नुसती मान हलवतात.

मध्यंतर कुठं घ्यायचं यात खरी गोम आहे. वेळ मोजून बरोबर मधे घेऊ नका. निओला जागं करायला आलेला मॉर्फियस दोन हातांवर दोन गोळ्या धरून बसतो, निओचा हात पुढं येतो, तिथं थांबवा. निळी गोळी घेतली तर सकाळी आपल्या अंथरुणात जाग येणार, सगळं पूर्वीसारखं. लाल घेतली तर खरं काय ते दिसणार. पिक्चर नुकताच रंगात आलेला असतो, त्यामुळं लोक ओरडतात. ओरडू द्या. प्रत्येकाच्या हातात कागदाची चिठ्ठी द्या, तुम्ही कुठली गोळी घ्याल ते लिहायला सांगा, खाली नाव घालायला लावा आणि चिठ्ठ्या डब्यात टाकून झाकण लावा. ज्यांना लिहिता येत नाही त्यांनी कानात सांगायचं, चिठ्ठी आपण लिहायची. चर्चा करू द्यायची नाही. आमच्याकडं या घडीला जवळपास सगळेच लाल लिहितात. पैसे लागत नाहीत, मग शूर व्हायला काय जातंय?

या चिठ्ठ्यांचा उपयोग पुढं सायफर आला की होतो. निओचाच साथीदार. खऱ्या जगात त्याला रोज लापशीसारखं बेचव काहीतरी गिळावं लागतंय, लोखंडी जहाजात थंडीत झोपावं लागतंय, आणि तो शत्रूबरोबर हॉटेलात बसून मांसाचा तुकडा खाताना म्हणतो की हे खरं नाही ते मला ठाऊक आहे, तरी मला परत आत घाला. फक्त श्रीमंत करा आणि यातलं काही आठवायला नको. पिक्चर संपल्यावर दिवा लावायचा, डबा उघडायचा आणि पहिला प्रश्न हाच टाकायचा, ‘सायफरचं काय चुकलं?’ दगाबाजी केली, माणसं मारली, हे सगळे म्हणतात. मग विचारायचं, ‘माणसं मारली नसती, नुसताच परत गेला असता तर?’ इथं माडी गप्प होते. गोव्यात हॉटेलात राबून आलेला आमचा एक कामगार हळूच म्हणाला, ‘वैनी, माझी चिठ्ठी बदलाय येतीय काय?’

बदलू द्या. जुनी चिठ्ठी मात्र फाडू नका, दोन्ही एकत्र टाचून ठेवा. त्याचं मत त्या दोन चिठ्ठ्यांच्या मधे आहे.

दुसरा प्रश्न आमच्या सासूबाईंनी मला दिला. निओ आणि त्याची साथीदार ट्रिनिटी काळे कोट घालून इमारतीत शिरतात आणि दारावरच्या पहारेकऱ्यांना गोळ्या घालत सुटतात, खांबांचे टवके उडतात, तो प्रसंग. पोरं शिट्ट्या मारत होती. सासूबाई म्हणाल्या, ‘ती पगारावर उभी राहिलेली माणसं की गं. त्यांना काय ठाऊक हाय?’ पिक्चरच्या हिशोबानं बघा, त्या बोलल्या ते बरोबर आहे. ते पहारेकरी यंत्रं नव्हेत. तीही कुठंतरी नळ्या लावून झोपवलेली माणसंच, आणि इथं मेलं की तिथंही मेलं हे मॉर्फियसनंच सांगितलेलं आहे. तो आधी असंही सांगून ठेवतो की जो सुटलेला नाही तो शत्रू समजायचा, कारण त्याच्या अंगात एजंट कधीही शिरू शकतो. हे पटलं का, असं विचारा. कॉलेजची पोरं ‘युद्ध आहे, चालायचंच’ म्हणतात. घरात कुणी वॉचमन किंवा होमगार्ड असलेली बाई तसं म्हणत नाही. हा वाद तुम्ही सोडवायला जाऊ नका. मी तर चहा ठेवायला उठते.

आता माणसं. प्रत्येक माडीवर ती ठरलेलीच असतात, त्यांना कसं हाताळायचं ते सांगते.

एक काका असतात. ‘आमच्या शास्त्रात हे आधीच सांगितलंय.’ त्यांना अडवू नका, पण तेवढ्यावर सोडूही नका. विचारा, ‘काका, माया कुणी विजेसाठी चालवलीय काय? इथं तर यंत्रांनी मुद्दाम रचलंय, धंदा म्हणून. आणि जागा झालेल्या माणसाला आपल्याकडं शांती मिळते. इथं याला बंदूक का लागली?’ आमच्या काकांनी यावर बराच वेळ विचार केला आणि म्हणाले, ‘म्हणजे हा ज्ञानी नव्हे, शिपाई झाला.’ एवढं वाक्य वहीत लिहिण्याजोगं. नुसती माया लिहून मी काय करू?

दुसरा, डिप्लोमाचा पोरगा. याला विज्ञान खटकतं आणि ते खटकायलाच हवं. मॉर्फियस हातात सेल धरून सांगतो की यंत्रांनी माणसाची बॅटरी केलीय. पोरगा म्हणतो, स्वस्थ बसलेला माणूस साधारण १०० वॅट उष्णता टाकतो, ती येते खाल्लेल्या अन्नातून; जेवढं घालाल त्याहून जास्त बाहेर निघणारच नाही, मग धंदा तोट्याचा. बरोबर आहे. मॉर्फियस जोडीला अणूंच्या मिलनाची वीज वापरतात असंही म्हणतो, पण ती वीज हाताशी असेल तर माणसं पाळायची कशाला? इथंच त्याला पकडा. ‘तू यंत्र असतास तर माणसं कशाला ठेवली असतीस?’ आमचा पोरगा म्हणाला, ‘डोकी वापरायला, काकू. हिशोब करायला.’ कोपऱ्यातून कुणीतरी म्हणालं, ‘सवय म्हणून.’ ही दोन्ही उत्तरं पिक्चरमधल्या उत्तरापेक्षा मला बरी वाटतात.

तिसरा प्रकार जुन्या बघ्यांचा. ‘तेव्हा थेटरात बघितलेला, आता ती मजा नाही.’ यांना शेवटी बोलू द्या. आधी बोलले की पोरं गप्प होतात.

आणि चौथा, अठरा-वीस वर्षांचा. ‘यात नवीन काय? हे तर जाहिरातीत पण दाखवतात.’ त्याचं चुकत नाही. त्यानं नक्कल आधी बघितली, अस्सल नंतर. याच्याशी वाद घालत बसू नका, त्याला कामाला लावा. निओ गच्चीवर मागं झुकून गोळ्या चुकवतो तिथं कॅमेरा त्याच्याभोवती फिरल्यासारखा वाटतो. प्रत्यक्षात १२० स्थिर कॅमेरे वळणावर ओळीनं मांडले होते, ते एकामागून एक उडवले, दोन फोटोंमधली जागा कॉम्प्युटरनं भरली. भोवती हिरवा पडदा होता, इमारती नंतर बसवल्या. हे गच्चीवर करून बघता येतं. दहा-बारा जणांना अर्ध्या गोलात उभं करा, सगळ्यांचे मोबाईल एकाच उंचीवर, आडवे, मधल्या माणसाच्या छातीवर रोखलेले. सगळ्यांनी व्हिडिओ सुरू करायचा, मग एकानं जोरात टाळी वाजवायची आणि मधल्यानं उडी मारायची. नंतर टाळीच्या आवाजावरून सगळे व्हिडिओ जुळवून प्रत्येकातला नेमका तोच क्षण काढायचा, उभे होते त्या क्रमानं मांडायचा आणि भराभर चालवायचा. मोबाईलवरचं कुठलंही व्हिडिओ कापायचं ॲप चालतं. पोरगा हवेत लटकलेला दिसतो आणि आपण त्याच्या बाजूनं फिरतो. धक्के बसतात, कुणाचा हात हललेला असतो, मधेच कुणाचं डोकं येतं. ते धक्के बघितल्यावर ‘नवीन काय’ म्हणणारा पोरगा आपणहून पिक्चर मागं घेऊन तो प्रसंग परत परत लावतो. मग तो जे बोलतो ते लिहा.

मारामारीबद्दल पोरांना एवढं सांगा की ती हाँगकाँगच्या युआन वू-पिंगनं बसवली आणि किआनू रीव्ह्ज वगैरे मंडळींनी त्यासाठी काही महिने तालीम केली. हे ऐकून घेतात. बाकी मुलाखती-बिलाखती नकोत.

रंगाबद्दल विचारायला विसरू नका. आतलं खोटं जग हिरवट आहे, बाहेरचं खरं जग निळसर. आमच्याकडं रंगाची माणसं बसलेली असतात, त्यांनी हे न सांगता ओळखलं. कांड्या भरणारी मल्लव्वा पहिल्यांदा बघताना ‘तिळिलिल्ल अक्का’ (कळलं नाही अक्का) म्हणून गप्प बसलेली. मग पडद्यावर वरून खाली हिरवी अक्षरं गळतात त्याबद्दल मी विचारलं, तशी म्हणाली, हा तर मागावर लावलेला ताणा, उभे दोरे. अजून बाणा, म्हणजे आडवा दोरा, मारायचा राहिलाय, म्हणून कापड दिसत नाही. शेवटी निओला भिंती, माणसं सगळी त्या अक्षरांचीच दिसतात ना, तिथं बोट दाखवून म्हणाली, आता ह्याला विणकाम कळलं. मी आधी सांगितलेलं काहीच तिच्या कानावर गेलं नव्हतं. मागावर नक्षी काढणाऱ्या जॅकार्डच्या पुठ्ठ्यांना भोक आहे की नाही यावर दोरा उचलायचा ही युक्ती १८०४ च्या सुमाराची, आणि कॉम्प्युटरला हुकूम द्यायला अशीच भोकाची कार्डं पुढं कितीतरी वर्षं वापरली, हे तिला सांगितल्यावर तिनं ‘हं’ एवढंच केलं. तिला ते नवीन नव्हतं बहुतेक. ती गळणारी अक्षरं जपानी आहेत, उलटी केलेली, आणि ज्यानं ती तयार केली त्यानं बायकोच्या स्वयंपाकाच्या पुस्तकातून घेतली असं तोच सांगतो. याला मात्र ती पोटभर हसली.

वहीत लिहिताना माणूस बोलला तसंच लिहा. कानडी बोलला तर कानडी, देवनागरीत लिहिलंत तरी चालेल. व्याकरण सुधारू नका. शेजारी तो कुठल्या प्रसंगावर बोलला ते लिहा, नाहीतर महिन्यानं वाचताना ‘ते चुकीचं केलं’ म्हणजे कुणी काय केलं ते तुम्हालाच उमगणार नाही. कुणाचं मत व्हॉट्सॲपच्या ग्रुपवर टाकायचं तर आधी त्याला विचारा. आमच्या गल्लीत एवढ्यावरून अबोले धरलेत.

आणि त्या रात्री वही मिटली म्हणजे काम संपलं असं समजू नका. माडीवर तोंड न उघडणारी माणसं तीन-चार दिवसांनी बोलतात, तेही नळावर, नाहीतर मागाचा धोटा अडकला की तो सोडवता सोडवता. तेव्हा कान उघडे ठेवा. ‘वैनी, त्या पिक्चरमधी त्यो चमचा वाकवतंय पोरगं...’ अशी सुरुवात झाली की हातातलं काम सोडा, पण वही काढू नका. वही बघितली की ती परत गप्प होतात. लिहायचं ते घरात गेल्यावर.

२००३ चे दोन भाग पाठोपाठ लावू नका. मधे दोन-तीन आठवडे जाऊ द्यात, नाहीतर लोकांची मतं एकमेकांत कालवतात आणि सगळं मिळून पुन्हा ‘भारी हाय’ होतं. दुसऱ्या भागात लांबलचक बोलणारा म्हातारा येतो तिथं मिरची भजी वाढायला घ्या. तिसरा लावाल तेव्हा मात्र शेवटची नावं येताना प्रोजेक्टर बंद करू नका. तिथं ‘असतो मा सद्गमय’ खरोखरच ऐकू येतं. काकांना आधी सांगू नका.