नको त्या फायली कोणतं ॲप बनवतंय?

काढून टाकलेलं अनोळखी फोल्डर फोनमध्ये पुन्हा उगवतंय? फॉरमॅट मारायला नागपुरात थेट सीताबर्डीचा बाजार गाठू नका. आधी फाइल मॅनेजरमध्ये त्यातल्या फाइलचा तपशील उघडून वेळ बघा. त्या सुमारास वापरलेली ॲप्स पहिली संशयित. मग एकेक ॲप सेटिंग्जमधून ‘फोर्स स्टॉप’ (सक्तीनं बंद) करा, फोल्डर उडवा आणि दिवसभर ते ॲप उघडू नका. फोल्डर परतलं नाही, तर ॲप पुन्हा उघडून खात्री करा. नुसती स्टोरेजची परवानगी काढून भागत नाही: अँड्रॉइड १० पासून डाउनलोड, पिक्चर्समध्ये स्वतःच्या फायली ठेवायला ॲपला परवानगी लागतच नाही. आणि हो, उडवण्याआधी आत घरचे फोटो नाहीत ना, हे नक्की बघा.