वर्गात पवित्र चित्रासमोर प्रार्थना कशी घ्यावी

कॅथलिक शाळेच्या भिंतींवर येशू, मारिया आणि संतांची चित्रं असतातच. त्यांच्याकडे बघत प्रार्थना मात्र क्वचितच होते. धर्मशिक्षणाच्या तासाला चित्र निघतं ते गोष्ट समजावण्यापुरतं. प्रार्थना व्हायची असेल, तर आधी शिक्षकाने समजावणं थांबवायला हवं, आणि सगळ्यात अवघड तेच जातं.

चित्र निवडा. शुभवर्तमानातला एकच प्रसंग असलेलं चित्र बरं. उदाहरणादाखल इटालियन चित्रकार काराव्हाज्जोचं ‘संत मत्तयाला पाचारण’ घेऊ. १५९९-१६०० मध्ये रंगवलेलं हे चित्र आजही रोममधल्या सान लुईजी देई फ्रांचेझी चर्चमध्ये आहे. शेवटच्या बाकावरूनही चेहरे दिसतील एवढं मोठं दाखवा.

सुरुवात करा. क्रुसाची खूण, थोडी शांतता, मग मत्तयाच्या शुभवर्तमानातलं ९:९ हे वचन सावकाश वाचा. जकातीच्या नाक्यावर बसलेल्या मत्तय नावाच्या माणसाला येशू ‘माझ्यामागे ये’ म्हणतो आणि तो उठून निघतो. एवढंच वचन पुरे.

बघू द्या. एक-दोन मिनिटं कुणीच बोलायचं नाही. मग विचारा, ‘काय काय दिसलं?’ चित्राचा अर्थ लगेच विचारलात, तर मुलं तुम्हाला हवं ते उत्तर शोधू लागतात. त्यापेक्षा त्यांना नाणी, तलवार, म्हाताऱ्याचा चष्मा सापडू द्या. भिंतीला खिडकी आहे, पण उजेड तिच्यातून येत नाही. तो येशूच्या बाजूने, वरून येतो. खुद्द येशू त्याचा शिष्य पेत्र याच्या आड जवळजवळ झाकलेला, फक्त चेहरा आणि पुढे केलेला हात दिसतो. (तो हात मायकेलअँजेलोने सिस्टाइन चॅपेलच्या छतावर रंगवलेल्या आदामाच्या हातासारखा आहे, हे मोठ्या मुलांना तास संपल्यावर सांगा. आधी सांगितलंत तर कलेचा तास सुरू होईल.)

मग खरा प्रश्न: यातला मत्तय कोण? बोट दाखवणारा दाढीवाला, की टेबलाच्या टोकाला मान खाली घालून पैसे मोजणारा तरुण? अभ्यासकांचंही यावर एकमत नाही, तेव्हा तुम्हीही निकाल देऊ नका. बोट कुणाकडे आहे यावर वर्गात वाद होईल. तो थोडा होऊ द्या.

आत शिरा. डोळे मिटायला सांगा. त्या टेबलाशी तू कुठे बसला आहेस? हाक आली तेव्हा काय करत होतास? प्रसंगात स्वतःला कल्पनेने उभं करण्याची ही रीत सोळाव्या शतकात लोयोलाच्या संत इग्नेशियसनी ‘आध्यात्मिक साधना’ या पुस्तकात शिकवली. त्यानंतर प्रत्येकाने मनातल्या मनात प्रभूशी बोलावं. इथे शिक्षकाने प्रार्थनेचे शब्द पुरवू नयेत.

वर्गात इतर धर्मांची मुलं असतील तर त्यांनी नुसतं शांत बसून बघितलं तरी चालेल, सक्ती नको. ‘आपण चित्राची पूजा करतो का?’ असं एखादं मूल विचारेलच. इ.स. ७८७ मध्ये निकिया इथे भरलेल्या चर्चच्या धर्मपरिषदेचं उत्तर सोपं आहे: प्रतिमेला दिलेला मान प्रतिमेत दाखवलेल्या व्यक्तीला पोचतो.

लहानांसाठी हे सगळं पाच-सात मिनिटांत आटोपा, मोठ्यांना पंधरा-वीस द्या. कुणाला मनातलं वहीत लिहायचं असेल तर लिहू द्या, मात्र ती वही तपासायला घेऊ नका. आणि पुढच्या आठवड्यात नवं चित्र आणण्याची घाई नको. हेच पुन्हा लावा, कारण बराच तपशील पहिल्या खेपेला निसटलेला असतो.